साताऱ्यातला अर्धा फ्लॅट

"आधी काढून ठेवतो, मग बोलू," असं म्हणून आमचे वरच्या मजल्यावरचे भावजी खिसे रिकामे करायचे. किल्ल्यांचा जुडगा, मोबाइल, रुमाल, सुटी नाणी, चष्म्याचं घर, पेन. सगळं टेबलावर नीट मांडायचं, शर्टाच्या बाह्या सारख्या करायच्या आणि मग समोरच्याकडे बघून हसायचं. विमानतळावरची नोकरी. रोज कामावर शिरताना सुरक्षा तपासणी, म्हणजे रोज खिसे रिकामे. ही सवय इतकी अंगात मुरली होती की कुणाकडे जेवायला गेले, दाताच्या डॉक्टरकडे गेले, अगदी बँकेत गेले तरी आधी टेबलावर हा पसारा.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा फ्रँकफर्टला आल्या तेव्हा भावजी आमच्याकडे चहाला आले होते. त्यांनी नाणी काढून मांडली तशा सासूबाई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी लागल्या. "अगं, हे चहाचे पैसे देतायत की काय? नको म्हण त्यांना, बरं दिसत नाही."

आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. एकटेच. लग्न झालं होतं, मोडलं होतं, मूलबाळ नव्हतं. ते मला वहिनी म्हणायचे, मी त्यांना भावजी. नात्याचं कुणी नाही, पण परदेशात आपण अशी नाती घाऊक भावात लावून टाकतो, तुम्हालाही माहीत आहे. माझ्या नवऱ्याला त्यांच्याशी बोलायला विषय सापडायचा नाही. मला मात्र त्यांच्याशी भांडायला रोज नवा विषय मिळायचा. कारण हा माणूस कधी चिडायचाच नाही. कुणी रांगेत पुढे घुसलं तरी, शेजारच्या बाईने जिन्यात मसाल्याचा वास येतो म्हणून तक्रार केली तरी, यांचं आपलं एकच, "असू दे." अशा माणसांचा मला राग येतो. खरंच येतो.

विमानतळावर बॅगांच्या पट्ट्यांची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळायचे. चांगली पक्की नोकरी. ती सोडून त्यांनी दुकान काढलं. बँकांच्या काचेच्या इमारती आहेत ना, त्यांच्या मागच्या गल्लीत. दुपारच्या जेवणाचं दुकान. मिसळ, थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी आणि ताक. बस्स. कोटातली जर्मन माणसं काउंटरपुढे उभी राहून मिसळ म्हणजे काय विचारायची आणि हे आपल्या मोडक्या जर्मनमध्ये समजावायचे, "खाली उसळ, वर फरसाण, पुढे तुमचं नशीब."

कुणी बटर चिकन मागितलं तर हे कागदावर नकाशा काढून द्यायचे, पलीकडच्या गल्लीतल्या पंजाबी दुकानाचा. मी एकदा समोरच उभी होते. म्हटलं, "अहो भावजी, गिऱ्हाईक आपल्या हाताने दुसऱ्याकडे पाठवताय?"

"उपाशी जाऊ नये ना, वहिनी."

आता अशा माणसाने धंदा करावा का? मी तोंडावर विचारलं होतं. पण मिसळ, काय सांगू तुम्हाला, अप्रतिम. तर्रीला जो रंग यायचा तो पुण्यातही हल्ली मिळत नाही.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ऑफिसं घरून चालायला लागली. आधी सगळीच बंद, मग आठवड्यातले मधले दोन-तीन दिवस तेवढी माणसं यायची. सोमवारी आणि शुक्रवारी गल्लीत नुसती कबुतरं. दुकानाच्या भाड्याचा करार लांबलचक मुदतीचा, बँकेचं कर्ज वेगळं, आणि दोन्हीकडे यांची स्वतःची सही. दुकान बुडालं की माणूसही बुडणार अशी.

बंद केल्याचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते एवढ्यावरून, की दुपारी तीनच्या सुमाराला ते जिन्यात दिसायला लागले. एकदा भेटले ते तळघरातल्या आपल्या कोठीत मोठमोठी पातेली रचताना. एकात एक, एकात एक, मध्ये वर्तमानपत्राचे कागद.

"हे काय?" मी म्हटलं.

"बंद केलं, वहिनी. असू दे."

मला वाटलं होतं त्यांचा निदान आवाज तरी हलेल. काही नाही. रविवारचा कचरा कुठे टाकायचा हे सांगावं तसं सांगितलं. पुढची दोन वर्षं मी त्यांना अगदी जवळून पाहिलं, आणि त्यांचा तोच आवाज मला आठवतो. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं त्या माणसाचं सगळंच झालं होतं.

मी इथे दुभाषी म्हणून काम करते. डॉक्टरकडे, शाळेत, कोर्टात, जिथे बोलावतील तिथे. यांचं जर्मन विमानतळाचं, बॅग, पट्टा आणि उशीर एवढ्यावर चालणारं. बँकेची पत्रं यायला लागली तशी ती माझ्याकडे वाचायला आणायचे, आणि वाचून झालं की "बरं" म्हणून परत न्यायचे. शेवटी मीच एक दिवस त्यांना ओढत शुल्डनरबेराटुंगला नेलं. कर्जात अडकलेल्या माणसांना फुकट सल्ला देणारं हे केंद्र. तिथली बाई पांढऱ्या आखूड केसांची, सतत खोकल्याची गोळी चघळणारी. अतिशय चांगली बाई. यांनी खिसे रिकामे केले तेव्हा तिने सगळ्या वस्तूंकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "यातलं काही द्यायला लागणार नाही. तुम्ही परत ठेवू शकता."

मग तिने समजावलं. दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात करायचा. कोर्ट एक फेरवाल्टर नेमेल, म्हणजे तुमची मालमत्ता ताब्यात घेऊन घेणेकऱ्यांत वाटणारा वकील. तीन वर्षं पगारातला ठरलेला भाग त्याच्याकडे जाईल. तीन वर्षांनी उरलेलं कर्ज माफ, माणूस मोकळा. अट एकच. काहीही लपवायचं नाही. लपवलेलं सापडलं तर माफी नाही, कर्ज जन्मभर मानगुटीवर.

"पण सगळंच नेत नाहीत," ती म्हणाली. "कायदा माणसाला नागडं करत नाही." पलंग राहतो, फ्रिज राहतो, वॉशिंग मशीन राहतं. ज्यावर पोट भरतं ती हत्यारं राहतात. पातेली राहतील. पाळलेलं कुत्रं-मांजर राहतं. लग्नाची अंगठी राहते.

मी भाषांतर केलं. हे म्हणाले, "अंगठी राहते? माणूस गेलं तरी?"

मी तेही भाषांतर केलं. माझं कामच आहे ते. बाई हसली, मग हसू नये असं वाटून थांबली.

"आणि देव?" यांनी विचारलं. "चांदीचा गणपती आहे. अंगठ्याएवढा. लिहायचा का?"

"लिहा. पूजेची वस्तू आहे, फार मोलाची नसेल तर तीही राहते."

"देव सोडतात म्हणजे," ते मला मराठीत म्हणाले. "घर?"

"घर नाही," बाई म्हणाली. "स्वतःचं घर असेल तर ते सुटत नाही. मग ते कुठेही असो. तुमची कुठे स्थावर मालमत्ता आहे? भारतात?"

"नाही," ते म्हणाले.

आणि परत येताना यू-बानमध्ये, गाडी बोगद्यात शिरल्यावर, शेजारी बसून मला म्हणाले, "वहिनी, आईच्या फ्लॅटवर माझं नाव आहे. पण तो आईचा आहे. म्हणजे मी नाही म्हणालो ते बरोबरच ना?"

कप्पाळ माझं! समोरच्या सीटवरची बाई दचकली इतक्या जोरात मी "काय?" म्हणाले.

आता मला सांगा, आपल्याकडे हे कोण करत नाही? त्यांच्या आई सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या. निवृत्तीचे पैसे आले, त्यातून साताऱ्यात गोडोलीला फ्लॅट घेतला. हॉल, बेडरूम, स्वयंपाकघर. हे तेव्हा सुट्टीवर गेले होते. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, मुलाचं नावही लावून टाका मावशी, उद्या तुमच्यामागे धावपळ नको. यांनी सही केली आणि सगळे जेवायला घरी गेले. संपलं. यांचा एक पैसा त्यात नाही. आमच्याही घरी असंच आहे, माझ्या भावाचं नाव वडिलांच्या फ्लॅटवर आहे. तुमच्याही असेल. आपण त्याला मालकी म्हणत नाही, सोय म्हणतो. पण जर्मनीतल्या कोर्टाला सोय कळत नाही. कागदावर अर्धा फ्लॅट यांचा, म्हणजे अर्धा फ्लॅट घेणेकऱ्यांचा. आणि त्या फ्लॅटमध्ये ऐंशीला टेकलेली बाई राहते, जिला मुलाचं दुकान बंद पडल्याचंही ठाऊक नाही.

"सांगू नका," मी म्हटलं. अगदी स्पष्ट म्हटलं. "मी आत्ता काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत." आणि आजही मी तेच म्हणेन. त्यानंतर गणपतीच्या कार्यक्रमात आमच्या लोकांना कुठून तरी कुणकुण लागली, आणि मग काय, प्रत्येकजण वकील. फ्रँकफर्टहून साताऱ्याला बघायला कोण जातंय? बहिणीच्या नावावर करून टाका ना. छे, तसं केलेलं कोर्ट मागे जाऊन रद्द करतं म्हणे. मोदक खाता खाता सगळे कायदा शिकवत होते, आणि हे सगळ्यांना मान डोलवत वाढत होते.

पुढच्या भेटीला त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं. खिसेही रिकामे करायचे विसरले. "वहिनी, त्यांना सांगा, साताऱ्यात फ्लॅट आहे. अर्धा माझ्या नावावर."

मी भाषांतर केलं नाही. बाई माझ्याकडे बघत राहिली.

"सांगा ना," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मी फूटपाथवरच त्यांना झाडलं. आईला रस्त्यावर आणणार का म्हणून विचारलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "लहानपणी माझा गुडघा फुटला होता. आई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पिशवीत दवाखान्याचा कापूस होता, चुकून आलेला. तिने तो काढला नाही, वहिनी. जुन्या साडीची पट्टी फाडून बांधली. दुसऱ्या दिवशी कापूस परत नेऊन ठेवला." आणि थोड्या वेळाने, "ती विचारणारच, खरं सांगितलंस का. मग काय सांगू?"

मला रडू आलं, त्यांना नाही. ते ट्राम बघत होते.

फेरवाल्टर अगदी तरुण निघाला. चकचकीत बूट, मोठी बॅग, फार नम्र. त्याने साताऱ्याचा फ्लॅट कसा आहे, कुठे आहे ते विचारलं. मी सांगितलं, लहान गाव, तिसरा मजला, बाल्कनीतून किल्ला दिसतो. किल्ला म्हटल्यावर त्याने मान वर केली. इथे किल्ला दिसणाऱ्या घराला भाव असतो ना! मी घाईने म्हटलं, "तसला किल्ला नाही हो, डोंगर आहे नुसता." अजिंक्यताऱ्याला मी नुसता डोंगर म्हटलं, साताऱ्याच्या लोकांनी माफ करावं. त्याने फ्लॅटचे फोटो मागितले. सगळ्या खोल्यांचे.

म्हणजे आईला सांगणं आलं.

दर रविवारी दुपारी ते आईला व्हिडिओ कॉल करायचे. आणि कॉलच्या आधी दुकानाचा ॲप्रन घालायचे. मला हे माहीत नव्हतं. त्या रविवारी ते आमच्याकडे आले ते ॲप्रन घालूनच. म्हणाले, "इथून करतो फोन. तुम्ही असलेल्या बऱ्या." मी चहा ठेवला. फोन लागला, काकू दिसल्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, मागे भिंतीवर घड्याळ.

"आई, दुकान बंद झालंय," ते म्हणाले.

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "ॲप्रन इस्त्रीचा असतो हल्ली तुझा. काम करणाऱ्याचा असा असतो का?"

मग यांनी सांगितलं. कर्ज, कोर्ट, तीन वर्षं, अर्धा फ्लॅट. पाढे म्हणावेत तसं सरळ म्हणून टाकलं. काकूंनी मध्ये काही विचारलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "खरं सांगितलंस ना सगळं?"

"हो."

"बरं केलंस. कुठला अर्धा?"

"म्हणजे?"

"अरे, अर्धा फ्लॅट त्यांचा म्हणतोस, तर कुठला? स्वयंपाकघराकडचा की बाल्कनीकडचा?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी फोनच्या पुढे जाऊन म्हटलं, "काकू, तशी रेघ नसते. कागदावर अर्धा असतो. तुम्ही राहताय तशाच राहा."

"रेघ नसेल तर कसं चालेल, मुली?" काकू म्हणाल्या. "आपलं कुठवर हे कळायला नको?"

मी हसले. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं.

आठवड्याने फोटो आले. धाकटी बहीण कऱ्हाडला असते, तिने जाऊन काढले होते. हॉल पूर्ण रिकामा. सोफा नाही, टीव्ही नाही, खुर्ची नाही. फरशी पुसून लख्ख. बेडरूममध्ये मात्र पाय ठेवायला जागा नव्हती, पलंग, सोफा, देव्हारा, शिवणाचं मशीन, सगळं कोंबलेलं. टीव्ही स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यावर. यांनी बहिणीला फोन लावला. ती रडवेली झाली होती. म्हणाली, "दादा, ती ऐकत नाही. हॉल आणि बाल्कनी कोर्टाची म्हणते. मी हॉलमध्ये बसले तर मला उठवलं. जेवायला वाढलं ते आत. रोज झाडते, पुसते, आणि दार ओढून घेते."

यांनी आईला समजावलं, मी समजावलं. काकूंचं एकच. दुसऱ्याची वस्तू आहे, नीट ठेवावी, वापरू नये. आयुष्यभर सरकारी दवाखान्यात काम केलेली बाई. तिला कोण शिकवणार?

अडचण एकच होती, ती त्यांनीच मांडली. तुळस बाल्कनीत होती. पाणी घालायला हॉलमधून जावं लागायचं. "कोर्टाला विचार," काकू म्हणाल्या. "दिवसातून एकदा जाऊ दिलं तर बरं. नाही म्हणाले तर कुंडी आत आणीन, पण आत ऊन नाही."

आणि या माणसाने खरंच विचारलं! फेरवाल्टरच्या ऑफिसात, सगळे कागद झाल्यावर, मला म्हणाले, "वहिनी, तुळशीचं." मी म्हटलं, "भावजी, वेड लागलंय का? हे मी नाही विचारणार." तो तरुण आमच्याकडे बघत वाट पाहत होता. शेवटी मी विचारलं. म्हटलं, यांच्या आईने घराचा अर्धा भाग तुमच्यासाठी रिकामा करून ठेवला आहे. झाडाला पाणी घालायला त्यातून जावं लागतं. चालेल का, असं त्या विचारतात.

त्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "हो. अर्थात चालेल." आणि परत म्हणाला, "प्लीज, त्यांना सांगा, कधीही." त्याचे कान लाल झाले होते.

काकूंना निरोप पोचला. कधीही म्हणाले तरी त्या सकाळी एकदाच जायच्या.

त्यानंतर यांना वोल्फ्सबुर्गला नोकरी लागली, मोटारीच्या कारखान्याजवळच्या एका कॅन्टीनमध्ये. बटाटे, सॉसेज, वाटाण्याचं सूप. घर सोडताना पातेली मला देऊन टाकली. मी म्हटलं, "अहो, ती तुमची राहिलीयेत ना, कायद्याने?"

"तिथे कॅन्टीनची आहेत, वहिनी. मोठी आहेत." मी त्यांना मिसळ करून घातली त्या दिवशी. अजिबात जमली नव्हती. त्यांनी दोनदा घेतली.

फोनवर बोलणं व्हायचं. तिथे गाडीशिवाय माणूस लुळा, बस तासाला एक, हे मला कळायचं. त्यांना कसं वाटतं हे कधी कळलं नाही. विचारलं की जर्मन लोकांसारखं हो-हो करत म्हणायचे, "या, गेनाऊ, चाललंय." मला तर वाटतं त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर फेरवाल्टरचं पत्र आलं. साताऱ्यातला अर्धा फ्लॅट विकायचा खटाटोप त्याच्या किमतीपेक्षा मोठा आहे, सबब त्यावरचा हक्क आम्ही सोडत आहोत. एवढंच. फ्लॅट सुटला होता! मी घरात एकटीच ओरडले. यांनी आईला फोन केला, आणि आईने विचारलं, "लिहून दिलंय का? मराठीत आहे का?" मग मी त्या पत्राचं मराठी भाषांतर केलं, माझा अधिकृत शिक्का मारला आणि कुरिअरने पाठवलं. इतक्या आनंदाने मी कधी शिक्का मारला नसेल.

कागद पोचल्यावर काकूंनी मला फोन केला. म्हणाल्या, "मुली, वाचलं. छान लिहिलंयस. त्याचा हॉल त्याला परत मिळाला."

"त्याचा कसला काकू, सगळं घर तुमचंच. आता सोफा बाहेर आणा, टीव्ही लावा."

"तो आला की लावू. त्याची जागा आहे, तो आल्याशिवाय कशी बसू? आता झाडते मात्र जास्त मन लावून. आधी परक्याचं म्हणून झाडत होते."

मी यांना म्हटलं, भावजी, जाऊन या. नुसतं जाऊन त्या हॉलमध्ये आईला बसवून या. पण नवी नोकरी, पहिले सहा महिने रजा मागायची सोय नाही. आणि पगारातलं जे हातात उरायचं त्यात तिकीट बसत नव्हतं. मी पैसे देते म्हटलं, नको म्हणाले. "दिवाळीला जातो. आईला सांगितलंय." 

दिवाळीच्या आधी पासपोर्टच्या कामाला ते फ्रँकफर्टला आले. इथे वकिलातीत नवा करून घ्यायचा होता, प्रवासासाठीच. आमच्याकडे उतरले. सकाळी मी पोहे केले होते. माझा नवरा कामाला गेलेला. बहिणीचा फोन आला आणि त्यांनी तो उचलून कानाला लावला, आणि ऐकत राहिले. मग म्हणाले, "कधी?" मग म्हणाले, "नको. थांबू नका. मला पोचायला दोन दिवस लागतील, पासपोर्टही आज वकिलातीतच आहे. थांबू नका."

काकू सकाळी झोपेतून उठल्या नव्हत्या. बहिणीने विचारलं, दादा, व्हिडिओ लावू का. ते हो म्हणाले.

मी गॅस बंद करून त्यांच्या शेजारी बसले. फोन त्यांनी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. आधी नुसतं छत दिसलं, मग लोकांचे पाय, मग बहिणीने फोन सरळ धरला. बेडरूममध्ये सामानामुळे माणसाला वळायला जागा नव्हती. शेजारच्यांनी काकूंना बाहेर आणलं होतं. तो रिकामा हॉल, ती पुसून लख्ख केलेली फरशी, बाल्कनीचं दार उघडं आणि त्यातून आलेलं ऊन, आणि मधोमध काकू. माणसं भिंतीला टेकून बसली होती. कितीतरी महिन्यांनी त्या खोलीत कुणी बसलं होतं.

मला हुंदका आवरेना. ते मात्र पुढे वाकून, नीट बघत होते, एखादं काम बरोबर झालंय का बघावं तसे.

"वहिनी," ते म्हणाले, "माझ्या भागात ठेवलंय तिला."

मी त्यांचा हात धरला. थंडगार होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, धरलाही नाही. बहीण तिकडून विचारत होती, दादा, दिसतंय ना तुला, आणि ते म्हणत होते, हो, दिसतंय, सगळं दिसतंय.